आधी हेड जमिनीवर टेकव

पत्र : काका, नमस्कार. मी मूळचा कराडजवळचा. गावाकडे पाच वर्षं पोकलेन चालवली, कॅनॉलची कामं केली, हायवेची केली. दीड वर्षापूर्वी न्यूझीलंडला आलो. आधी लोडरवर होतो. तीन महिन्यांपासून टोकोरोआ भागातल्या एका लाकूडतोडीच्या क्रूमध्ये प्रोसेसर शिकतोय, म्हणजे झाडाच्या फांद्या सोलून ओंडके पाडणारं मशीन. हात बसलाय असं सगळे म्हणतात. पण परवा हेडमध्ये, म्हणजे मशीनच्या पंजात, फांदी अडकली आणि करवतीची चेन बारवरून (तिच्या पात्यावरून) उतरली. सोबतचा म्हणाला, इंजिन कशाला बंद करतोस, सेफ्टी लिव्हर ओढ आणि काढून ये, दोन मिनिटांचं काम. मी हात घातला आणि हेड जरासं हललं. लागलं काही नाही, पण रात्रभर झोप आली नाही. दुसरं म्हणजे स्किडवर, म्हणजे ओंडके पाडायच्या मोकळ्या जागेवर, ते मोजणारा माणूस माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा आहे. मी खोड धरलेलं असताना तो खुशाल जवळून चालत जातो. त्याच्यासाठी दर वेळी थांबलो तर दिवसाचा आकडा खाली येतो, आणि फोरमन संध्याकाळी आकडाच बघतो. व्हिसा मालकाशी बांधलेला आहे. गावी सोसायटीचं कर्ज आहे. बायको म्हणते, परत या. मी घाबरट झालोय का?
ता. क. हायड्रॉलिकचा एक पाइप बारीक फवारा मारत होता. कुठून ते हाताने चाचपून पाहिलं. करंगळीजवळ टोचल्यासारखं झालं. आता बरं आहे.

उत्तर : बाळा, तुझ्या ता. क.पासूनच सुरुवात करतो. पत्र वाचलं त्याच रात्री मी तुला दोन ओळी लिहून तडक इमर्जन्सीत जायला सांगितलं होतं. तू गेलास, डॉक्टरांनी बघितलं आणि नुसता ओरखडा निघाला, हे तू दुसऱ्या दिवशी कळवलंस तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. बाकीच्या वाचकांना यात एवढं काय, असं वाटेल, म्हणून सांगतो. कारच्या टायरमध्ये हवेचा दाब दोन-सव्वादोन बार असतो (बार हे दाबाचं माप). आपल्या मशीनच्या हायड्रॉलिक पाइपात तीनशे बारच्या वर दाब असतो. पाइपाला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं की त्यातून सुटणारं तेल हातमोजा आणि कातडी भेदून आत शिरतं. बाहेरून दिसतो फक्त डास चावल्यासारखा ठिपका. पहिले काही तास फारसं दुखतही नाही. आत मात्र तेल बोटात खोलवर पसरत जातं, आणि शस्त्रक्रियेला उशीर झाला तर बोट जातं, कधी हातही जातो. गळती कधीही हाताने शोधायची नाही. पुठ्ठ्याचा तुकडा लांब धरून पाइपाच्या कडेने फिरवायचा. पुठ्ठा ओला झाला की जागा सापडली. मग मशीन बंद करून, दाब उतरवून पाइप बदलायचा. आणि पुन्हा कधी तसं टोचलं, तर "आता बरं आहे" हे तू ठरवायचं नाहीस, ते सर्जनने ठरवायचं.

आता तुझा मूळ प्रश्न.

मी सांगली जिल्ह्यातला. लहानपणी आमच्या भावकीतल्या एका काकांचा उजवा हात कोपरापासून नव्हता. ज्वारीची मळणी चालली होती, मशीनच्या तोंडात कणसं तुंबली, पट्टा चालू होता आणि त्यांनी ती हाताने आत ढकलली. आपल्याकडच्या कुठल्याही गावात मळणी यंत्राने, कडबाकुट्टीने नाहीतर गुऱ्हाळाच्या चरकाने हात किंवा बोटं नेलेला एक तरी माणूस असतो. त्यांच्यापैकी कुणीही अडाणी नव्हता, यंत्र काय करतं हे प्रत्येकाला ठाऊक होतं. बहुतेकांचं घडलं ते एकाच प्रकारे, तुंबलेलं काढताना, यंत्र बंद न करता, कारण काम दोन मिनिटांचं होतं.

तू परवा तेच केलंस. हे मी तुला टोचून बोलत नाही. मीही केलेलं आहे. मी न्यूझीलंडच्या उत्तर बेटाच्या मधल्या भागात एकोणीस वर्षं मशीनवर बसलो आणि आता नव्या पोरांना शिकवतो. पहिल्या वर्षी माझ्याही शेजारी "दोन मिनिटांचं काम" म्हणणारा एक जण होता.

लिव्हर ओढल्याने नेमकं काय होतं हे पोकलेनवाल्याला निम्मंच माहीत असतं. जॉयस्टिक मरते, एवढंच. इंजिन चालू असतं, पंप फिरत असतो, पाइपात दाब असतो. पोकलेनच्या बकेटला तेवढं पुरत असेल. प्रोसेसरच्या हेडमध्ये मात्र विजेवर उघडझाप करणारे डझनभर व्हॉल्व्ह असतात, तारा असतात, सेन्सर असतात, आणि काही हेडांत दाब साठवून ठेवणारे अॅक्युम्युलेटर असतात, जे इंजिन बंद केल्यावरही भरलेले राहतात. शिवाय दोन ते चार टनांचं ते धूड बूमच्या, म्हणजे मशीनच्या लांब हाताच्या, टोकाला पिनेवर लटकलेलं असतं. फांदी अडकलेली असते म्हणजे फांद्या सोलणाऱ्या सुऱ्या आणि खोड ओढणारे रोलर तिच्यावर ताणून बसलेले असतात. तू फांदी काढलीस की तो ताण सुटणार. तुझं हेड हललं ते व्हॉल्व्हमुळे की वजनामुळे, हे तुझ्या पत्रावरून मी सांगू शकत नाही. मेकॅनिकला ते दाखव आणि दाखवल्याची नोंद मशीनच्या वहीत कर.

खाली उतरायची रीत अशी ठेव. हेड सपाट जागेवर, त्याचे पंजे पूर्ण उघडे करून, जमिनीवर नीट टेकव. बार आत गेलाय हे डोळ्याने बघ, स्क्रीनवर नको. इंजिन थोडा वेळ मंद चालू दे म्हणजे टर्बो निवतो, मग बंद कर. उरलेला दाब कसा उतरवायचा ते तुझ्या मशीनच्या पुस्तकात दिलेलं असेल, तसंच कर. बॅटरीचा स्विच बंद कर. किल्ली काढून खिशात घाल. खिशातच घालायची, डॅशबोर्डवर ठेवायची नाही. रेडिओवर सांग की मी खाली उतरतोय. हे सगळं करायला मला घड्याळ लावून चार मिनिटं लागतात, तुला सुरुवातीला सहा लागतील. दिवसात चार वेळा अडकलं तर चोवीस मिनिटं गेली. जाऊ देत. दिवसात चार वेळा अडकत असेल तर सुऱ्यांना धार नाही किंवा रोलरचा दाब चुकलाय, आणि तुझा वेळ खरा तिथे जातोय.

उतरताना तोंड मशीनकडे, आणि दोन हात-एक पाय किंवा दोन पाय-एक हात कायम टेकलेले. ट्रॅकवर पाइनच्या सालीचा चिखल शेवाळासारखा निसरडा असतो. उडी मारायची नाही. गुडघे चाळिशीत लागतात, माझे गेले.

आता त्या चालत येणाऱ्या माणसाचं. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटली, आणि तू मात्र ते दुसऱ्या नंबरवर लिहिलंस.

पोकलेन चालवताना तू शिकलास की बकेट जिथवर पोचते तिथवर धोका. त्याच्या पलीकडे माणूस उभा असला तरी चालतं. प्रोसेसरला हा हिशेब लागू पडत नाही. ज्यांनी हे यंत्र पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो : एक्स्कॅव्हेटरच्या हातावर बकेटच्या जागी एक पंजा बसवलेला असतो. तो आडवं पडलेलं अख्खं झाड उचलतो, काटेरी रोलरांनी ते आरपार ओढतो, ओढता ओढता सुऱ्या फांद्या सोलून काढतात, एक चाक लांबी मोजतं, आणि चेनचा करवत ठरल्या लांबीचे ओंडके पाडतो. फांद्या काढण्यापासून मापापर्यंत सगळं अर्ध्या-एक मिनिटात उरकतं. आपल्या बल्लारशाच्या डेपोतला साग माणसांच्या हातून तोडून, टेपने मोजून आलेला असतो, तिथल्या माणसाला हे खरं वाटणार नाही. टोकोरोआचं नाव जगभरच्या लाकूडतोड्यांना ठाऊक आहे ते यामुळेच. अशी हेड बनवणारी वाराटाह कंपनी तिथलीच.

तर इथलं रेडिएटा पाइन अठ्ठावीस-तीस वर्षांत तोडायला येतं तेव्हा तीस-पस्तीस मीटर लांब आणि दोनेक टनांचं असतं. तू ते मधोमध धरून जरा वळलास की शेंड्याचं टोक किती जमीन झाडून जातं ते एकदा पावलांनी मोजून बघ. रोलर सुरू केलेस की खोड सेकंदाला चार-पाच मीटर वेगाने दुसऱ्या बाजूने बाहेर येतं. तुझी नजर तेव्हा बुंध्याकडे असते. तो माणूस शेंड्याकडे असतो.

आणि चेन. तिची लिंक आपल्या अंगठ्याच्या नखाएवढी. करवत चालू असताना ती सेकंदाला चाळीस मीटरच्या आसपास पळते, म्हणजे ताशी दीडशे किलोमीटरच्या जवळपास. चेन तुटते तेव्हा सुटलेलं टोक फटकारा मारतं. पोतराजाचा आसूड आठव. हात सावकाश फिरतो, पण टोक इतक्या वेगाने जातं की कडाड् वाजतं. चेनच्या टोकाला तोच फटका बसतो, तिथली लिंक तुटून निघते आणि बंदुकीच्या गोळीसारखी जाते. इथे त्याला चेनशॉट म्हणतात. ती जाते मुख्यतः बारच्या रेषेत, पुढेही आणि मागेही.

माझ्या बाबतीत घडलं ते दुपारी. चेन तुटल्याचा आवाज नेहमीचाच आला, मी बूम खाली घेतला. मग समोरच्या काचेकडे लक्ष गेलं. ती काच नसते, पॉलिकार्बोनेटचं जाड प्लास्टिक असतं. माझ्या डाव्या डोळ्याच्या रेषेत, हातभर पुढे, त्यात लिंक रुतून बसली होती. आतल्या बाजूला फुगवटा आला होता, बोट फिरवलं तर तांदळाएवढा उंचवटा लागत होता. भोवती दुधाळ गोल. मी बराच वेळ बोट तिथून उचललं नाही. त्या आठवड्यात मी तीच चेन दुसऱ्यांदा जोडून वापरली होती, नवी काढायला ट्रकपर्यंत जावं लागलं असतं म्हणून. मला पॉलिकार्बोनेटने वाचवलं. तुझ्या मापाड्याच्या अंगावर नारिंगी जाकीट आहे.

म्हणून काही गोष्टी पक्क्या धर. बारची रेषा कधी कॅबकडे, माणसाकडे, रस्त्याकडे किंवा दुसऱ्या मशीनकडे येईल असा कट घेऊ नकोस. हेड दहा अंश फिरवायला एक सेकंद पुरतो. तडा गेलेली, दात उडालेली, ताणून लांबलेली चेन फेकून दे. चेन पुन्हा पुन्हा जोडून वापरायची नाही. बारला तेल येतंय का हे दर टाकीला बघ, कोरडी चेन तापते आणि तापलेली तुटते. चेनशॉटचा गार्ड जागेवर आहे का, वाकलाय का, ते सकाळी हात लावून बघ, अर्थात इंजिन बंद असताना. आणि समोरच्या खिडकीवर तारीख कोरलेली असेल तर ती बघ. ते प्लास्टिक उन्हाने आणि चुकीच्या साबणाने जुनं होतं. पिवळट पडलं असेल, बारीक भेगा असतील, तर बदलून माग.

माणूस किती लांब हवा? तुझ्या हेडच्या पुस्तकात अंतर लिहिलेलं आहे. क्रूच्या सकाळच्या बैठकीत ते मोठ्याने वाच आणि स्किडवर ते प्रत्यक्ष दिसेल असं कर. फांद्यांचा ढीग, रंगाची खूण, शंकू, काहीही चालेल. त्या रेषेच्या आत यायचं असेल तर त्याने रेडिओवर तुझं नाव घ्यायचं, तू हेड जमिनीवर टेकवायचं, हात जॉयस्टिकवरून उचलून त्याला दिसतील असे वर करायचे, आणि मगच त्याने पाऊल टाकायचं. नुसतं बघून मान हलवली, हे चालायचं नाही. उन्हात कॅबच्या खिडकीवर झाडांचं प्रतिबिंब पडतं, आतला माणूस बाहेरून दिसत नाही. तू त्याला पाहिलंस असं त्याला वाटतं, आणि तू स्क्रीनवर लांबी बघत असतोस.

तो वीस वर्षांनी मोठा आहे म्हणून तुझी जीभ अडते, हे मला कळतं. आपण मोठ्यांना थांबवत नाही, तसं वळणच आहे आपलं. पण त्याच्याकडे तक्रार घेऊन जाऊ नकोस, त्याला कॅबमध्ये बोलाव. मशीन बंद, तो तुझ्या सीटवर, तू बाहेर. त्याच्या नेहमीच्या वाटेने तू चाल आणि त्याला विचार की मी कुठे कुठे दिसेनासा झालो. मी हे तीन क्रूंमध्ये केलं. तिन्ही वेळा समोरचा माणूस खाली उतरला तेव्हा गप्प होता, आणि दुसऱ्या दिवसापासून रेडिओ उचलू लागला. बूमच्या उजव्या बाजूला किती मोठा आंधळा तुकडा आहे हे सांगून कुणाला पटत नाही.

आता फोरमन, आकडा, व्हिसा.

या देशात २०१३ साली एका वर्षात जंगलकामात दहा माणसं मेली. त्यानंतर स्वतंत्र चौकशी समिती बसली, आणि २०१० च्या पाइक रिव्हर कोळसा खाणीच्या दुर्घटनेनंतर सुरू झालेल्या बदलांमधून २०१५ चा नवा आरोग्य-सुरक्षा कायदा आला, एप्रिल २०१६ पासून तो लागू आहे. उतारावर चेनसॉ घेतलेली माणसं कमी करून त्यांना कॅबमध्ये बसवायचं, यावर इथल्या उद्योगाने पैसा ओतला तोही याच काळात. तुझी नोकरी त्याच बदलातून उभी राहिली आहे. माणूस वाचावा म्हणून आणलेल्या मशीनने माणूस मारायचा, हे कुणालाच नकोय, तुझ्या मालकालाही नको. या कायद्याच्या कलम ८३ प्रमाणे, काम चालू ठेवल्याने स्वतःला किंवा दुसऱ्याला तत्काळ गंभीर धोका आहे असं वाजवी कारणाने वाटलं तर कामगार काम थांबवू शकतो. थांबवल्याचं लगेच कळवायचं, ही अट. त्याबद्दल त्याला त्रास देणं, काढून टाकणं हा गुन्हा आहे. कायद्यात व्हिसाचा रंग लिहिलेला नाही. कामगार म्हणजे कामगार. अपघात झालाच तर एसीसीकडून, म्हणजे इथल्या सरकारी अपघात विम्याकडून, उपचार आणि पगाराच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत भरपाई मिळते, तीही चूक कुणाची हे न विचारता. पण सोसायटीचा हप्ता ऐंशी टक्क्यांत बसवायची वेळ तुझ्यावर येऊ नये.

एवढं सांगितलं तरी उद्या सकाळी फोरमनच्या तोंडावर कलम ८३ म्हणू नकोस. आधी साधं बोल. माझा अनुभव असा की बरेचसे फोरमन आकडा मागतात तो त्यांच्यावर वरून येतो म्हणून, आणि नवा माणूस स्पष्ट बोलला की त्यांनाही हायसं वाटतं. इंग्रजी अडखळत असेल, म्हणून वाक्य देतो, पाठ कर : "व्हेन समवन कम्स इन, माय हेड गोज ऑन द ग्राउंड. आय विल लूज अ फ्यू मिनिट्स. आर यू ओके विथ दॅट?" तो हो म्हणाला की तारीख, वेळ तुझ्या डायरीत लिहून ठेव. नाही म्हणाला तरी लिहून ठेव. आणि विचार की माझा ट्रेनर कोण. तू शिकाऊ आहेस, तुझ्यावर देखरेख ठेवायला नेमलेला माणूस असलाच पाहिजे. तुझ्या आख्ख्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, हे मला खटकलं. "लिव्हर ओढ आणि जा" म्हणणाऱ्या सोबत्यालाच ट्रेनर केलं असेल, तर दुसरा माग.

दोन-चार बारक्या गोष्टी राहिल्या. पट्टा बांध. पोकलेनवर आपण कुणी बांधत नाही, मला माहीत आहे, पण मशीन कलंडलं तर कॅबचा सांगाडा तुला वाचवतो तो तू आत राहिलास तरच. आपत्कालीन खिडकी एकदा खरंच उघडून बाहेर ये. माझ्या एका शिकाऊच्या मशीनची खिडकी गंजून बसली होती, ती दोघांनी पहारीने उचकटली. जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे इथल्या उन्हाळ्यात, इंजिनाखाली साठलेल्या सुया रोज साफ कर. तेलाने भिजलेल्या पाइनच्या सुया आणि तापलेला टर्बो यांना पेटायला काडी लागत नाही. आणि पहाटे साडेतीनला उठून व्हॅनमध्ये बसायचं, तर रात्री दहापर्यंत गावाकडे व्हिडिओ कॉल नको. तास-दीड तासाने पाच मिनिटं खाली उतर, मशीनभोवती एक फेरी मार. दुपारी दोननंतर माझे सगळे मूर्खपणाचे कट झालेत.

बायकोला काय सांगायचं? खरं सांग. हेड हललं ते सांग, करंगळीचं सांग, आणि आता तू काय बदललंस तेही सांग. ती "परत या" म्हणते कारण तिला अर्धंच माहीत आहे आणि उरलेलं ती रात्री स्वतःच्या मनाने भरते. परत जायचं की नाही हे आज ठरवू नकोस. फोरमनशी बोलून झाल्यावर चार आठवडे दे. हेड जमिनीवर टेकवल्याबद्दल तुला तिथे टोमणे बसत राहिले, तर क्रू बदल. या भागात प्रोसेसरवर बसणारी माणसं हवी असलेले क्रू आहेत. नव्या मालकासाठी व्हिसाची अट आधी बदलून घ्यावी लागते, तेवढं लायसन्स असलेल्या इमिग्रेशन सल्लागाराकडून करून घे, एजंटकडून नको.

घाबरट झालोय का, असं विचारलंस. हेड हललं त्या रात्री तुला झोप आली नाही. मला ती लिंक काचेत दिसली त्या रात्री मीही जागा होतो, आणि सकाळी पहिल्यांदा नव्या चेनचं खोकं ट्रकमधून कॅबमध्ये आणून ठेवलं. तेव्हापासून ते तिथेच असतं. तूही एक खोकं ठेव, सीटच्या मागे जागा असते. फोरमन काय म्हणाला ते कळव.